‘गॅस’वरचे औषध घेताना...

पोट फुगले, छातीत जळजळले, ढेकर अडकला, की आपल्याकडे या साऱ्याला एकच नाव दिले जाते, ‘गॅस’. मग औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी, पातळ औषध किंवा फेसाळणारी पूड आणली जाते. ही औषधे मात्र एकसारखी नाहीत. काही आम्लावर काम करतात, तर काही वायूच्या बुडबुड्यांवर. तक्रार आणि औषध यांचा मेळ बसला नाही तर गुण येत नाही. आणि दुखणे भलतेच असेल तर मोलाचा वेळ वाया जातो.

वायू येतो कोठून?

घाईघाईने जेवताना किंवा बोलत बोलत खाताना हवा गिळली जाते. ती बहुतांशी ढेकरावाटे बाहेर पडते. दुसरा उगम मोठ्या आतड्यात असतो. वाल, हरभरा, राजमा यांतील काही शर्करा तोडणारे विकर मानवी शरीरात नसते. त्या न पचता मोठ्या आतड्यात पोचतात, तेथील जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काहींच्या बाबतीत मिथेन हे वायू तयार होतात. ज्यांना दूध पचत नाही, त्यांच्या पोटात दुधातील शर्करेचे असेच होते. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणे हा आजार नव्हे.

बुडबुडे फोडणारे औषध

वायूवरील प्रमुख औषध म्हणजे सिमेथिकॉन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७४ मध्ये चिठ्ठीशिवाय विकण्याच्या वायुनाशकांचे निकष ठरवले, त्यात त्याला मान्यता दिली. हा सिलिकॉनवर्गीय पदार्थ बुडबुड्यांचा पृष्ठताण कमी करतो. लहान बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात आणि वायू बाहेर पडणे सुकर होते. औषध रक्तात शोषले जात नाही, शौचावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. ते जेवणानंतर व झोपताना घेतात. स्वतःहून घेताना दिवसाला ५०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळायची असते. मात्र ते वायूची निर्मिती थांबवत नाही, त्यामुळे सर्वांनाच सारखा गुण येतो असे नाही. तान्ह्या मुलांच्या पोटदुखीत तर चाचण्यांमध्ये त्याचा नकली औषधापेक्षा अधिक उपयोग दिसलेला नाही.

आपल्याकडील अनेक पातळ आम्लनाशकांत सिमेथिकॉनबरोबर ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ॲल्युमिनियमने मलावरोध, तर मॅग्नेशियमने जुलाब होऊ शकतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. थायरॉइडची गोळी, लोहाच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविके यांचे शोषण त्यामुळे घटते. थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तासांचे अंतर ठेवावे.

पाण्यात फसफसणाऱ्या पुडीत खाण्याचा सोडा व सायट्रिक आम्ल असते. ती आम्ल शमवते, पण स्वतःच कार्बन डायऑक्साइड निर्माण करते. तो ढेकरावाटे बाहेर पडला, की ‘गॅस गेला’ असे वाटते. तिच्यात सोडियम भरपूर असल्याने रक्तदाब व हृदयविकाराच्या रुग्णांनी ती सर्रास घेऊ नये. पँटोप्राझोलसारख्या गोळ्या तर वायूच्या नव्हेतच. त्या आम्लाची निर्मिती रोखतात आणि कायद्याने ‘परिशिष्ट एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावयाच्या औषधांत मोडतात. दुकानदार देतो म्हणून महिनोन्महिने घेत राहणे योग्य नाही.

दुर्लक्ष नको

खरा धोका औषधापेक्षा गैरसमजाचा आहे. हृदयविकाराच्या झटक्यातही पोटाच्या वरच्या भागात दुखते, मळमळते, ढेकर येतात. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये छातीतील ठरावीक कळ नसूही शकते. दुखण्याबरोबर घाम, धाप किंवा हात, जबडा, पाठ यांत कळ असेल, तर सोडा पिऊन वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी वा तातडीने रुग्णालय गाठावे. शौचावाटे रक्त, काळे शौच, घटणारे वजन, सततच्या उलट्या किंवा पोट फुगून शौच व वायू दोन्ही बंद होणे, यांवरही घरगुती उपाय नाही.

एरवी सावकाश जेवणे, कडधान्ये भिजवून ते पाणी टाकून शिजवणे आणि जेवणानंतर शतपावली करणे, एवढ्यानेही पुष्कळांचा त्रास कमी होतो. त्यानंतरही औषध लागलेच, तर वेष्टनावरील घटक वाचून मगच ते घ्यावे. दोन आठवड्यांत आराम न पडल्यास दुकान बदलण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे.