‘ध’ चा ‘मा’ आणि रामशास्त्र्यांचा तपास

पेणच्या कारखान्यांतून गणपती बाहेर पडू लागले, की पेण-रोह्याकडे घरोघर सणाची गडबड सुरू होते. मखर कसले करायचे, मुंबईची मंडळी कधी येणार, याच गोष्टी जिकडे तिकडे. अशाच गणपतीच्या दिवसांत पुण्याच्या शनिवारवाड्यात एक खून झाला आणि मराठी भाषेला एक वाक्प्रचार मिळाला. ‘ध’ चा ‘मा’ करणे.

तारीख ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. पेशवे नारायणराव नुकतेच अठरा वर्षांचे झाले होते. त्यांचे चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. भर दुपारी सुमेरसिंगाचे गारदी, म्हणजे पगारी पायदळातले शिपाई, थकलेला पगार मागत वाड्यात घुसले. नारायणराव धावत चुलत्यांकडे गेले आणि त्यांना मिठी मारली. तिथेच त्यांच्यावर वार झाले.

सूचना मिळाली नव्हती असे नाही. आपल्या कुलाब्याचे रघूजी आंग्रे तेव्हा पुण्यात होते. त्यांनी पेशव्यांना दगाफटक्याबद्दल सावध केले होते, असे इतिहासकार सांगतात. बंदोबस्ताचे काम हरिपंत फडक्यांवर सोपवले गेले. पण बंदोबस्त होण्याआधीच घात झाला.

आता तपास कोणी करायचा? ज्यांच्यावर संशय, तेच रघुनाथराव कारभाराचे धनी झाले होते. अशा वेळी पुढे आले रामशास्त्री प्रभुणे. ते न्यायाधीश होते, धर्मशास्त्राचे पंडित होते, कोतवाल नव्हते. चोर पकडणे हा त्यांचा व्यवसाय नव्हे. तरी त्यांनी खुनाचा माग काढला आणि सुमारे दीड महिन्यात ते थेट रघुनाथरावांपाशी जाऊन उभे राहिले.

एक साधा प्रश्न आपल्यालाही पडतो. पगार मागायला आलेला माणूस पगार देणाऱ्यालाच ठार कशाला मारील? म्हणजे पगार हे निमित्त होते. रघुनाथरावांनी कबूल केले, की पुतण्याला धरण्याचा हुकूम आपण दिला होता, मारण्याचा नाही. ‘धरावे’ या शब्दाचे कोणी ‘मारावे’ केले, ही गोष्ट इथूनच येते. ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती दिली आहे. रामशास्त्र्यांना तो कागद पुढे सापडला आणि बदल आनंदीबाईंनी केला असे सर्वजण मानतात, असे तो लिहितो. म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी छापलेली ही हकीकत. आणि आनंदीबाईंवरचा आरोप तर त्यातही लोकसमजुतीच्या आधाराने केलेला.

पण खरी मेख पुढेच आहे. ‘ध’ चा ‘मा’ झाला असे धरून चालले, तर सारा दोष एका बाईच्या लेखणीवर जातो आणि रघुनाथराव जवळजवळ सुटतात. रामशास्त्र्यांनी त्यांना तसे सुटू दिले नाही. सशस्त्र माणसे स्वतःच्या पुतण्यावर, राज्याच्या धन्यावर सोडणारा माणूस ‘मी फक्त धरा म्हटले होते’ असे सांगून मोकळा कसा होईल? या पापाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले, पद सोडले आणि ते वाईजवळच्या एका गावी जाऊन राहिले.

ती शिक्षा कधीच अमलात आली नाही. पण निकाल वाया गेला असेही नाही. बारभाईंनी रघुनाथरावांच्या विरोधात कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांना मरणोत्तर पुत्र झाला आणि तोच सवाई माधवराव म्हणून गादीवर बसला. रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला, साष्टी आणि वसई देऊ केली, आणि त्यातून इंग्रज-मराठे युद्ध पेटले. रामशास्त्री मात्र सन्मानाने पुन्हा न्यायासनावर आले.

आपण अजूनही एखाद्याने शब्द फिरवला की ‘ध’ चा ‘मा’ केला म्हणतो. म्हणताना एवढे आठवावे, की रामशास्त्र्यांचा निकाल त्या एका अक्षरावर उभा नव्हता. ‘धरावे’ हाच शब्द खरा मानला, तरी हुकूम देणारा त्यांच्या लेखी दोषीच होता.