वंशावळीतून हरवलेल्या आज्या

‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न नव्या ओळखीत मराठी माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच विचारतो. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असला की निम्मे उत्तर मिळालेले असते. उरलेल्या निम्म्यासाठी पूर्वी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळाव्या लागत. आता त्यांच्या जोडीला एक छोटीशी नळी आली आहे. तिच्यात लाळ भरून प्रयोगशाळेकडे पाठवायची आणि आपले पूर्वज कुठले, किती टक्के, याचा तक्ता घरबसल्या मागवायचा.

मी राहते त्या लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीत वंशावळ ही नुसती हौसेची बाब नाही. जमिनीला भाव आला की सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे आणि वारसनोंद कोणाची राहून गेली, हे पाहावेच लागते. त्यात २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधाची भर पडली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पुढे राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. गाव नमुना १४, कोतवाल बुक, शाळांची जनरल रजिस्टरे ही नावे घरोघरी ऐकू येऊ लागली. कित्येक नोंदी मोडीत असल्याने मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला.

या निमित्ताने पाहिलेल्या वंशावळींत एक गोष्ट मला सारखी खुपत राहिली. या वृक्षाला फांद्या फक्त पुरुषांच्या. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी ओळ सरळ वर जाते. आजीचे नाव असलेच तर ‘अमक्याची बायको’ म्हणून. तिचे माहेर कोणते, याला रकानाच नाही. माझ्यासारख्या सासुरवाशिणीची तर माहेरच्या कागदावर फांदी नाही आणि सासरच्या कागदावर मूळ नाही.

शरीर मात्र आजीला विसरत नाही. ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. म्हणजे आपली कागदी वंशावळ जी वाट धरते, तीच. पण पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए केवळ आईकडून येतो. तो मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पुढच्या पिढीला मात्र मुलीच देतात. आई, तिची आई, तिचीही आई, अशी ही न लिहिलेली वंशावळ प्रत्येकाच्या अंगात असते.

ही वंशावळ वाचली की काय घडते, याचे उदाहरण फार दूर नाही. खंडाळ्याचा घाट उतरून कोकणात अलिबागकडे गेले की बेने इस्रायलांचा मुलूख लागतो. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची परंपरागत कथा आहे. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, केहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडलेली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला.

इस्रायल १९४८ मध्ये स्थापन झाल्यावर यांतली अनेक कुटुंबे तिकडे गेली. तिथे १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले, की बेने इस्रायल व्यक्तीचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची आणि त्यामागच्या पिढ्यांची शक्य तितकी चौकशी करावी. ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येते. कोकणातल्या खापरपणजीचा दाखला आणायचा कुठून? समाज चिडला. १९६४ मध्ये जेरुसलेमला लोक ठिय्या देऊन बसले. त्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि फर्मानातला बेने इस्रायलांचा खास उल्लेख धर्मपीठाला मागे घ्यावा लागला.

रक्ताचा निकाल आला त्यानंतर अर्ध्या शतकाने. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १८ बेने इस्रायलांच्या जनुकांची तुलना ४१ ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समूहांतल्या ४८६ जणांशी केली होती. दोन्ही वारसे ठळकपणे दिसले, ज्यू आणि भारतीय. त्यांचा मिलाफ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा निघाला. ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून आणि भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आल्याचेही दिसले. कथेतल्या सात बायकांखेरीज इथल्या मातीतल्या बायकाही या घरांत आल्या होत्या. कागदावर त्यांचे नाव नव्हते, लेकरांच्या पेशींत मात्र होते.

हाच निष्कर्ष १९६२ मध्ये धर्मपीठाच्या हाती असता तर? संशयालाच पुरावा मिळाला असता. आणि तरीही तो न्याय ठरला नसता. कारण याच बायकांनी शनिवारी चूल बंद ठेवली, सण पाळले, मुलांना प्रार्थना शिकवली. समाज टिकला तो त्यांच्या हातून. कोण कोणाचा वंशज, हे डीएनए सांगू शकतो. कोण आपला, हे ठरवण्याचा अधिकार त्याला देऊ नये.

चाचणी करून घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. ‘वाय’ आणि मायटोकाँड्रिया मिळून त्यांतल्या दोघांचीच वाट दाखवतात. टक्केवारी तर कंपनीकडे तुलनेला कोणाचे नमुने आहेत, त्यावर ठरते. नमुने वाढले की आकडे बदलतात. जातीचा दाखला या तक्त्यावर मिळत नाही. त्याला आजही नोंदच लागते.

म्हणून नळी मागवण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ वही घेऊन बसावे. तिच्या आईचे नाव, आजीचे नाव, दोघींची माहेरगावे विचारून लिहून घ्यावीत. हे काम बिनखर्चाचे आहे, पण त्याला मुदत आहे. कोतवालाने जो रकाना आखला नाही, तो आखायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.