‘ताप मेंदूत गेला’ म्हणजे काय?

अमरावती-अकोल्याकडे ‘ताप मेंदूत गेला’ हे शब्द मी अनेकदा ऐकले आहेत. त्यांत वेगवेगळे आजार एकत्र येतात. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी सापडलेला विषाणू मेंदूलाच सूज आणतो. मेनिंजायटिसमध्ये सुजतात ती मेंदू व मज्जारज्जूभोवतीची आवरणे. ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, ताठरलेली मान ही त्याची लक्षणे. नेमके कारण शोधायला पाठीतले पाणी तपासावे लागते. ‘पाणी काढले की माणूस लुळा पडतो’ या भीतीने घरचे नकार देतात. प्रत्यक्षात मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली सुई टोचतात. उलट जीवाणूजन्य मेनिंजायटिस काही तासांत जीव घेऊ शकतो. वाचलेले मूल कायमचे बहिरे होऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली, तर घरच्यांनी होकाराला उशीर करू नये.