गोंदणाची सुई बदलली, तयारीही बदलायला हवी

छत्रपती संभाजीनगर - गुलमंडीवर सणासुदीच्या खरेदीला उसळलेल्या गर्दीत नजर फिरवली, तरी गोंदणाच्या दोन पिढ्या एकाच वेळी दिसतात. दुकानात साडीची घडी उलगडून पाहणाऱ्या आजीच्या मनगटावर काळाच्या ओघात हिरवट पडलेली तुळस असते, तर बाहेर दुचाकीवर ताटकळणाऱ्या नातवाच्या दंडावर ठसठशीत काळ्या रंगातील वाघ असतो. आजीचे गोंदण जत्रेत काही मिनिटांत उरकले होते. नातवाला मात्र अशा कामासाठी पाच-पाच, सहा-सहा तासांच्या बैठका द्याव्या लागतात. या व्यवसायात तिलाच ‘सिटिंग’ म्हणतात.

साधने बदलली, तरी मूळ तत्त्व तेच आहे. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो. म्हणून रंग त्याच्या खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल सोडावा लागतो. तेथील संरक्षक पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात आणि चित्र टिकते. थोडक्यात, टॅटू म्हणजे हजारो सूक्ष्म टोचण्यांची एक जखमच होय. त्यामुळे ती कोणत्या सुईने होते आणि कोणत्या अवस्थेतील शरीरावर होते, हे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

सुयांच्या जुडीपासून कार्ट्रिजपर्यंत

पूर्वी गोंदणारीण तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून काजळीत बुडवीत असे. मेल्यावर सोबत येणारा एवढाच दागिना, या श्रद्धेने बायका ती वेदना सोसत. सुया मात्र एका हातावरून दुसऱ्या हातावर जात.

यंत्राचा इतिहास अमेरिकेत सुरू झाला. थॉमस एडिसन यांनी 1876 मध्ये कागदाला छिद्रे पाडून प्रती काढणाऱ्या विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले. त्याच कल्पनेवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी 1891 मध्ये गोंदणाच्या विद्युत यंत्राचे पेटंट मिळवले. पुढे दोन वेटोळ्यांचे, म्हणजेच कॉइलचे यंत्र रूढ झाले. वीज सुरू होताच वेटोळ्यांचे चुंबक बनते आणि पट्टी खाली खेचली जाते. त्यामुळे विद्युतमंडल तुटते आणि स्प्रिंग पट्टीला पुन्हा वर उचलते. हे चक्र सेकंदाला अनेकदा घडते. यंत्राची ती ओळखीची गुणगुण त्यातूनच येते.

या यंत्रांना वजन फार आणि थरथरही मोठी. त्यानंतर लहान मोटरवर चालणारी, हलकी व कमी आवाजाची रोटरी यंत्रे आली. अलीकडे तारेचा गुंता नसलेली, बॅटरीवर चालणारी पेनसारखी यंत्रेही सर्रास दिसतात. मात्र ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल कार्ट्रिजचा आहे. यात सुया आणि त्यांचे टोक एकाच बंद नळीत असते. चांगल्या कार्ट्रिजमध्ये आत एक पातळ पडदा असतो. तो रंग आणि रक्त उलटे यंत्रात शिरू देत नाही. काम संपले, की कार्ट्रिज फेकून द्यायचे.

ही दक्षता अनाठायी नाही. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. स्पिरिटने पुसलेली सुई निर्जंतुक होत नाही. पुन्हा वापरायच्या धातूच्या भागांसाठी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील 121 अंश सेल्सिअसची वाफ किमान 15 मिनिटे लागते. स्वस्त यंत्र ऑनलाइन मागवता येते. ही शिस्त त्याच्या खोक्यात येत नाही.

दीर्घ बैठकीची तयारी

हिपॅटायटिस ‘बी’ची लस घेतलेली नसल्यास तयारी काही महिने आधी सुरू करावी. प्रौढांना तिचे तीन डोस साधारणतः शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या अंतराने दिले जातात. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, त्वचेवर जाड वण उठण्याची प्रवृत्ती किंवा गर्भधारणा असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालू औषधे मनाने बंद करू नयेत.

आदल्या दिवशी मद्य टाळावे आणि रात्री पुरेशी झोप घ्यावी. सकाळी पोटभर जेवूनच निघावे. उपाशीपोटी तासन्‌तास वेदना सोसताना घेरी येऊ शकते. पाण्याची बाटली आणि केळी किंवा गूळ-शेंगदाणे सोबत ठेवावेत. कपडे सैल असावेत. मराठवाड्याच्या उन्हात रापून सोललेल्या त्वचेवर काम करवून घेऊ नये. बधिरतेचे मलम मोठ्या भागावर परस्पर फासणे धोक्याचे असते, कारण त्यातील औषध रक्तात मिसळते. दर तास-दीड तासाने विश्रांती मागण्यात कमीपणा नाही.

आणखी एक तयारी कागदावरची आहे. लष्कराच्या भरतीत कायमस्वरूपी गोंदण हाताच्या आतील बाजूस, कोपर ते मनगट एवढ्या भागात आणि पंजाच्या मागील बाजूसच चालते. आदिवासी समाजांना प्रथेनुसार सवलत आहे. म्हणजे दंडावरचा वाघ भरतीच्या मैदानावर आड येऊ शकतो. भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी नियम आधी वाचावेत. टॅटूनंतर वर्षभर रक्तदानही करता येत नाही.

खुर्चीत बसण्यापूर्वी पाहा

- कार्ट्रिजचे सीलबंद पाकीट डोळ्यांदेखत फोडले जाते का? मुदत संपलेली नाही ना?
- रंग नव्या छोट्या टोपणात ओतला जातो का? उरलेला रंग बाटलीत परत जात नाही ना?
- हातमोजे नवे आहेत का? मध्येच मोबाइल हाताळल्यास ते बदलले जातात का?
- यंत्र आणि खुर्चीवर नवे प्लॅस्टिकचे आवरण आहे का?
- वापरलेली सुई न टोचणाऱ्या बंद डब्यात टाकली जाते का?

काम झाल्यावर जखम सौम्य साबणाने धुवावी. खपली ओढू नये आणि दोन-तीन आठवडे पोहणे व कडक ऊन टाळावे. लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला, तर टॅटू काढणाऱ्याला नव्हे, डॉक्टरांना दाखवावे.

आजीच्या काळी जत्रेतल्या सुईला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. नातवाला ती आहे. पाकीट समोर फोडा, एवढे म्हणायला एक क्षण लागतो. त्या पाकिटातून निघालेले चित्र मात्र जन्मभर सोबत राहते.