‘कसं काय?’ विचारणारा मोबाईल

दर सोमवारी केनियातल्या काही रुग्णांच्या मोबाईलवर एकच शब्द उमटायचा, ‘मांबो?’ स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘कसं काय?’ ४८ तासांत उत्तर द्यायचं. सगळं ठीक असेल तर ‘सावा’, अडचण असेल तर ‘शिदा’. ही माणसं एचआयव्हीवरची औषधं नुकती घेऊ लागली होती. पण मेसेजमध्ये ना आजाराचं नाव, ना गोळीचं! घरात कुणी वाचला तरी गुपित सुरक्षित. ‘शिदा’ आलं किंवा उत्तरच आलं नाही, की दवाखान्यातून फोन जायचा.

एवढ्याशा शब्दानं काय होणार? २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर छापून आलं. ५३८ रुग्णांचे दोन गट केले होते. मेसेज मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के जणांनी औषधं नेमानं घेतली. मेसेज न मिळणाऱ्यांपैकी ५० टक्के जणांनी. औषध तेच, दवाखाने तेच, तरीही एवढा फरक!

माणूस नवं तंत्रज्ञान का स्वीकारतो, याचा विचार संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन प्रश्नांत मांडला होता: याचा मला उपयोग होईल का, आणि हे मला सहज जमेल का? २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्यांत भर घातली: जवळची माणसं काय म्हणतात, आणि अडलं तर मदत मिळते का? ‘मांबो’ला इंटरनेट लागत नव्हतं, साधा फोन पुरायचा. आणि अडलं तर नर्स होतीच.

मग रोज मेसेज पाठवले तर फायदा वाढेल? केनियातच संशोधकांच्या दुसऱ्या एका गटानं हे करून पाहिलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष थक्क करणारा आहे. आठवड्यातून एकदा आलेल्या आठवणीचा उपयोग झाला, रोजच्या आठवणीचा झाला नाही!

आपल्याकडेही मोबाईलचा असा वापर होतो. मुंबईची ‘अरमान’ ही संस्था ‘एममित्र’ सेवेतून गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना आरोग्याची माहिती सांगणारे मोफत फोन करते. त्यातल्या कितीतरी जणी हळूहळू फोन ऐकणं सोडतात. कोण सोडण्याच्या बेतात आहे, हे आता कृत्रिम बुद्धिमत्ता हेरते आणि मग आरोग्य कार्यकर्ती स्वतः त्या बाईला फोन लावते. २३,००३ जणींच्या चाचणीत या पद्धतीनं गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे इतक्या प्रगत यंत्राचं काम काय, तर माणसानं कुणाशी बोलायला हवं ते सांगणं!

म्हणून आरोग्यसेवा मोबाईलवर आणणाऱ्यांनी सर्वांत आधी एक गोष्ट ठरवावी: रुग्णानं ‘अडचण आहे’ म्हटलं, तर पलीकडून फोन कोण करणार?