धुराच्या सहा वाटा

मराठी माणसाने मोटारसायकलीचे बारसे तिच्या चाकांवरून किंवा वेगावरून न करता तिच्या सायलेन्सरवरून केले, आणि ‘फटफटी’ या एका शब्दात यंत्रशास्त्रातील एक सत्य नकळत नोंदवून ठेवले. बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो; मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला साडेसात स्फोट पडतात, आणि ते कानाला सुटे सुटे ऐकू येतात. त्याच गतीने फिरणाऱ्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात ते ४५ होतात, तेव्हा मोजणी संपते आणि नाद सुरू होतो. पोर्शे ९११ या जर्मन गाडीच्या हवेने थंड होणाऱ्या जुन्या पिढ्यांवर जीव टाकणारी मंडळी या नादापायी जो खर्च करतात आणि जे वाद घालतात, त्यांचा आढावा घेण्याचा योग मला घरच्याच एका प्रकरणामुळे आला.

कॅलिफोर्नियात सॅन होजेला स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने १९७४ सालची ९११ विकत घेतली आणि पहिल्याच महिन्यात फोनवरून फर्मावले, ‘मामा, सायलेन्सर गंजून गेलाय. आवाज झकास येईल असा एखादा सुचवा.’ आयुष्य यंत्रांच्या सहवासात गेल्यामुळे कुटुंबात माझ्याकडे असल्या फर्माइशी येतच असतात. परंतु या प्रश्नात आवाजाला जे अग्रस्थान मिळाले होते, ते मला खटकले, आणि माझे ते मत अद्याप बदललेले नाही.

ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने लोकांपुढे आली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कंपनीने आपला हक्क सांगितल्यामुळे ती ९११ झाली. इंजिन १,९९१ घनसेंटिमीटरचे, १३० अश्वशक्तीचे, गाडीच्या पाठीमागे बसवलेले. तीन सिलिंडर डावीकडे व तीन उजवीकडे, जमिनीला समांतर पहुडलेले. पाण्याचा रेडिएटर नाही; मोठा पंखा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवर हवा लोटतो, म्हणजे आपल्या बजाज स्कूटरच्या आवरणाखाली जी व्यवस्था असे तिचेच हे राजेशाही रूप. तेलही उष्णता वाहून नेण्याचे मोठे काम करते. आकारमान वाढत गेले, पण ही रीत १९९८ पर्यंत टिकली.

आता ज्या मोटारीत गरम पाणीच नाही, तिच्यात जर्मनीच्या हिवाळ्यात माणसांना ऊब कोठून द्यावयाची? अभियंत्यांनी तजवीज अशी केली की धूर वाहणाऱ्या नळ्यांभोवतीच पत्र्याचा अंगरखा शिवावा, पंख्याची थोडी हवा त्या दोहोंच्या मधून खेळवावी आणि ती तापलेली हवा बैठकीत सोडावी. या जोडीला हीट एक्स्चेंजर म्हणतात, आणि सायलेन्सर निवडायला निघालेल्या बहुतेकांना ती दिसतही नाही, कारण ती इंजिनाच्या पोटाखाली असते. आतली नळी गंजून तिला भोक पडले, तर जी हवा आपण ऊब म्हणून घेतो तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड नाकात जातो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोप यावी तशी शुद्ध हरपते. म्हणून भाच्याला पहिला हुकूम केला तो सायलेन्सरचा नव्हे, तर अंगरख्यात दिवा घालून नळ्या तपासण्याचा.

गंज बाहेरच्या पावसामुळे चढतो अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून पाणी होते, आणि ते थोडेथोडके नव्हे: सुमारे लिटरभर पेट्रोल जाळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने त्या नळ्यांतून जाते. गाडी दूरवर पळाली तर वाफ बाहेर पडते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत आली तर सायलेन्सर तापण्यापूर्वीच ती आतच निथळते, आम्ल धरते आणि पत्रा आतून खाते. रविवारी प्रदर्शनापुरती बाहेर निघणारी जपलेली गाडी रोज राबणाऱ्या गाडीपेक्षा लवकर का सडते, त्याचा उलगडा येथे आहे. साध्या पोलादापेक्षा स्टेनलेसला जास्त दाम मोजावे, ते झळाळीसाठी नव्हे, याच पाण्यासाठी.

नळ्यांच्या लांबीचा मुद्दा मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे. या इंजिनात स्फोटांचा क्रम एक, सहा, दोन, चार, तीन, पाच असा असल्यामुळे डावी-उजवी बाजू आळीपाळीने पेटते, आणि प्रत्येक बाजूचे तीन सिलिंडर २४० अंशांच्या समान अंतराने धूर सोडतात; जणू तीन-तीन सिलिंडरांची दोन समतोल इंजिने एका दांड्यावर बसवली आहेत. झडप उघडताच दाबाची लाट नळीतून धावते, तिन्ही नळ्या जेथे एकत्र येतात तेथे ती फैलावते, आणि तिचा उलटा ठसा, म्हणजे कमी दाबाची लाट, झडपेकडे परत येतो. तो वेळेवर आला तर सिलिंडरात रेंगाळणारा धूर ओढून काढतो. तिन्ही नळ्या सारख्या लांबीच्या असतील तरच तिघांना हा लाभ सारखा मिळतो. १९७४ पर्यंतच्या मांडणीत ही समता होती. १९७५ पासून मांडणी बदलली आणि ती गेली. त्यातही १९७५ ते १९७७ या काळात अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, विकलेल्या गाड्यांच्या माथी उत्सर्जनाच्या कायद्यापायी थर्मल रिॲक्टर मारले गेले, त्यांनी धूर तेथल्या तेथे जाळून इंजिनाला असे भाजले की मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून हेड आवळून धरणारे स्टड, म्हणजे आटे पाडलेल्या सळ्या, उपटून येऊ लागले. म्हणून पुढच्या सालांच्या गाड्यांचे मालकही मागल्या मांडणीचे स्टेनलेस एक्स्चेंजर, ज्यांत एसएसआय हे नाव सर्वतोमुखी आहे, बसवून घेतात. मात्र तेलाच्या काही नळ्याही त्यासाठी बदलाव्या लागतात, हे अंदाजपत्रकात धरावे.

दुसरा मार्ग हीटरच काढून टाकून नुसत्या उघड्या हेडर नळ्या लावण्याचा. वजन घटते, पैसेही वाचतात. परंतु पावसात पुढची काच धुक्याने भरली की पुसायला हातरुमालच उरतो, आणि पंख्याच्या आवरणातून हीटरकडे जाणारी तोंडे बंद करायची राहिली तर सिलिंडरांच्या वाट्याची हवा वाया जाते. शर्यतीतल्या गाडीची रुंद नळी रस्त्यावरच्या इंजिनाला लावणे हा तर शुद्ध अविचार. रुंद नळीत धुराची गती मंदावते, आणि खालच्या फेऱ्यांत, जेथे आपण नव्वद टक्के वेळ असतो, इंजिन सुस्त पडते.

राहता राहिला सायलेन्सर: मागे आडवा, पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेला, मुळात दोन नळ्या आत व एक बाहेर. दोन बाहेर असलेला ‘स्पोर्ट’ प्रकार पाच मिनिटे ऐकायला बहारीचा. पण महामार्गावर ३,००० फेऱ्यांना सेकंदाला १५० स्पंदनांची जी घरघर गाडीच्या पोकळीत घुमते, ती तासाभराने डोके उठवते. शिवाय सरकार आहेच. जर्मनीत तीस वर्षांवरील गाडीला ऐतिहासिक ‘एच’ क्रमांक हवा असेल तर सुटे भाग त्या काळाला साजेसे असावे लागतात. कॅलिफोर्नियात १९७५ व त्यापूर्वीच्या मॉडेलांना धुराच्या नियतकालिक तपासणीतून मुभा आहे. एका वर्षाने धाकट्या गाडीला नाही. आणि आपल्या पुण्या-नागपुरात बुलेटचे कर्कश सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे ज्यांनी पाहिली, त्यांना कायद्याच्या कानांविषयी वेगळे सांगणे नको.

गेल्या उन्हाळ्यात मी सॅन होजेला असताना भाच्याच्या गाडीचे जुने एक्स्चेंजर व सायलेन्सर उतरवण्याचे काम आम्ही दोघांनी त्याच्या गॅरेजात केले. हेडच्या धूर सोडणाऱ्या सहा तोंडांना प्रत्येकी दोन, असे बारा स्टड. पन्नास वर्षे भाजून त्यांचे नट स्टडशी एकजीव झालेले. दोन दिवस तेल मुरवले, एकेक नट गॅसच्या ज्योतीने लाल केला, आणि पाना आधी किंचित आवळण्याच्या दिशेने व मग उलट फिरवला. अकरा सुटले. बारावा सुटल्यासारखा वाटला, पाना मऊ झाला, आणि काडी मोडावी तसा आवाज होऊन अर्धा स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्येच राहिला. त्याला बाहेर काढण्यात पुढचा सबंध शनिवार गेला, आणि कारागिराची मजुरी सायलेन्सरच्या किमतीच्या घरात गेली.

भाच्याने शेवटी स्टेनलेसचे समान नळ्यांचे एक्स्चेंजर आणि मूळ धर्तीचा, एकाच तोंडाचा सायलेन्सर घेतला. आवाज पूर्वीपेक्षा किंचित मोकळा झाला, शेजाऱ्यांची तक्रार नाही, आणि डिसेंबरात पाय गरम राहतात. माझा कौल याच क्रमाला आहे: आधी एक्स्चेंजर, मग स्टड, मग सायलेन्सर, आणि आवाज सर्वांत शेवटी. आणखी एक विनंती: काढलेला मूळ सायलेन्सर, तो कितीही विद्रूप झालेला असो, भंगारवाल्याच्या हवाली करू नका, गाडीचा पुढचा मालक तो मागणारच आहे.