यादी लिहिणारा ड्यूक

जर्मनीतलं वोल्फेनब्यूटल हे गाव आज बहुतेकांना ठाऊक असतं ते येगरमाइस्टर या मद्यामुळे. त्याच गावात सतराव्या शतकात युरोपातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथसंग्रहांपैकी एक उभा राहिला आणि तो उभा करणारा माणूस चक्क गादीवरचा ड्यूक होता, हे मात्र ग्रंथपाल आणि अभ्यासक सोडले तर फारसं कुणाच्या कानावर नसतं. त्याचं नाव ऑगस्ट. याच नावाचा वयाने मोठा चुलतभाऊ हयात असल्यामुळे इतिहासात तो कायमचा ‘धाकटा ऑगस्ट’ होऊन बसला.

राज्य त्याच्या वाट्याला येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. १० एप्रिल १५७९ ला तो डान्नेनबर्गला जन्मला, आईबापांचं सातवं अपत्य म्हणून. आणि घराण्याची ही शाखा मुळातच तुटपुंज्या वाटणीवर गुजराण करणारी. गादीची आशा नसल्याचा एक फायदा असा की शिकायला आणि हिंडायला भरपूर सवड मिळाली. रोस्टोक विद्यापीठाने तर कोवळ्या वयातच त्याला रेक्टर केलं. अर्थात उमरावांच्या पोरांना अशी पदं मानाखातर मिळत. पुढे ट्यूबिंगेन, स्ट्रासबुर्ग, मग इटली, फ्रान्स, इंग्लंड. १६०३ साली पहिल्या जेम्सच्या राज्याभिषेकाला हा लंडनमध्ये हजर होता. परतल्यावर १६०४ मध्ये पदरात पडलं ते एल्बे नदीकाठचं चिमुकलं हिट्झाकर. तिथे त्याने तीस वर्षं काढली. दुसरा कुणी शिकारीत आणि मेजवान्यांत बुडाला असता. हा पुस्तकांत बुडाला.

नुसती जमवली नाहीत, लिहिलीही. १६१६ मध्ये लाइपझिगला त्याचा बुद्धिबळावरचा ग्रंथ छापून झाला, तो ‘गुस्टावुस सेलेनुस’ या टोपणनावाने. ‘ऑगस्टुस’ची अक्षरं उलटसुलट करून गुस्टावुस झाला, आणि घराण्याच्या नावातलं ल्यूनेबर्ग म्हणजे चंद्राचं गाव असं मानून ग्रीक चंद्रदेवता सेलेनेवरून आडनाव आलं. जर्मन भाषेतला बुद्धिबळावरचा हा पहिला मोठा ग्रंथ. मूळ मसाला रुय लोपेझ या स्पॅनिश पाद्र्याकडून घेतलेला. पण त्यात श्ट्रोबेक या बुद्धिबळवेड्या खेड्याची हकिगत आहे, आणि ती वाचायला आजही गंमत येते. त्या गावाचं वेड काही ओसरलं नाही: १८२३ पासून तिथल्या शाळेत बुद्धिबळ हा शिकवण्याचा विषय झाला.

१६२४ चा दुसरा ग्रंथ सांकेतिक लिपीवरचा, नऊ भागांचा, लॅटिनमधला. ट्रिथेमियस या मठाधिपतीच्या गूढ लेखनात भुताखेतांचे मंत्र नसून संदेश दडवण्याच्या युक्त्या आहेत, ही त्यातली मांडणी. पुढे बिचाऱ्या ग्रंथाचे फारच हाल झाले. शेक्सपिअरची नाटकं खरं तर फ्रान्सिस बेकनने लिहिली, असं मानणाऱ्या मंडळींनी त्याच्या मुखपृष्ठावरच्या चित्रांत बेकन आणि शेक्सपिअर दोघेही शोधून काढले! शोधायचंच ठरवलं की काहीही सापडतं.

दरम्यान तीस वर्षांचं युद्ध पेटलं, १६३४ मध्ये वोल्फेनब्यूटलचा ड्यूक निपुत्रिक वारला, वाटाघाटी होऊन गादी ऑगस्टकडे आली, पण शहरात पवित्र रोमन सम्राटाची फौज ठाण मांडून. ती १६४३ मध्ये हलेपर्यंत त्याचा मुक्काम ब्राउनश्वाइगला. राजकारण एवढं पुरे.

कारण खरी हकिगत आहे ती यादीची. १६२५ च्या सुमारास ऑगस्टने आपल्या ग्रंथांची सूची स्वतःच्या हाताने लिहायला घेतली. धर्म, कायदा, इतिहास, युद्ध, वैद्यक, संगीत, व्याकरण असे वीस विभाग पाडले. कशातच न बसणाऱ्या पुस्तकांसाठी ‘क्वोडलिबेटिका’ हा एक विभाग राखून ठेवला. हा विभाग ज्याला सुचला त्याने पुस्तकं खरोखर हाताळली होती, यात शंका नको. सूची वाढत वाढत सात हजारांहून अधिक पानांवर गेली. उतारवयात हात चालेना तेव्हा लेखनिक आले. पांढऱ्या चामडी बांधणीच्या ग्रंथांच्या कण्यांवर शाईने नाव घालायचं कामही तो स्वतः करी. औग्सबुर्गचा फिलिप हाइनहोफर त्याच्यासाठी ग्रंथ मिळवून पाठवत असे. असे हस्तक युरोपभर पसरलेले. वोल्फेनब्यूटलला ही पुस्तकं राहिली ती राजवाड्यासमोरच्या तबेल्याच्या इमारतीत: खाली घोडे, वर ग्रंथ.

सूचीचे जाडजूड खंड उचलायचे कसे? त्यासाठी लाकडी चाक केलं. माणूस बसून ते फिरवतो, एकामागून एक फळी समोर येते आणि चाक कितीही फिरलं तरी फळी तिरपी होत नाही, खंड जागचा हलत नाही. हे चाक आजही त्या ग्रंथालयात पाहायला मिळतं. १७ सप्टेंबर १६६६ ला ऑगस्ट वारला तेव्हा संग्रहात सुमारे १,३५,००० कृती होत्या. तत्त्वज्ञ लाइबनित्स आणि नाटककार लेसिंग हे पुढे इथले ग्रंथपाल झाले, ही गोष्ट मात्र सगळे सांगतात. चाकाचं कौतुक करणारे थोडे.

संसार तीनदा झाला. पहिली बायको क्लारा मारिया १६२३ मध्ये गेली, मूल राहिलं नाही. त्याच वर्षी सोळा वर्षांची डोरोथेआ घरात आली. चार मुलं मोठी झाली आणि १६३४ मध्ये तीही गेली. तिसरी सोफी एलिझाबेथ, नवऱ्याहून चौतीस वर्षांनी लहान. ही स्वतः संगीतरचनाकार. हाइनरिश श्यूट्झसारखा उस्ताद तिला सल्ला देई. मुलांना शिकवायला व्याकरणकार शॉटेलियस होता. अशा घरात लेखणी न धरणारं मूल विरळाच.

सोफीचा मुलगा फर्डिनांड अल्ब्रेख्ट भावांशी भांडून बेव्हेर्नला जाऊन राहिला, रॉयल सोसायटीचा सभासद झाला, आणि आपल्या प्रवासाच्या पुस्तकाच्या शीर्षकात ‘विचित्र’ हा शब्द त्याने हौसेने पुन्हा पुन्हा वापरला. डोरोथेआचा मुलगा अंटोन उलरिश याने कादंबऱ्या लिहिल्या, चित्रसंग्रह केला, उतारवयात कॅथलिक झाला. त्याच्या नातीची मुलगी म्हणजे ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा, ऑगस्टची खापरपणती.

पण या सगळ्यांत मन ओढून घेते ती डोरोथेआची मुलगी झिबिले उर्सुला. १६२९ चा जन्म. फ्रेंच कादंबऱ्यांची भाषांतरं करणारी, पॅरिसच्या कादंबरीकार मादलेन द स्क्यूदेरीशी पत्रव्यवहार ठेवणारी. ‘अरामेना’ या भल्यामोठ्या कादंबरीची सुरुवात तिनेच केली. १६६३ मध्ये लग्न होऊन ती ग्ल्युक्सबुर्गला गेली आणि १६७१ मध्ये, बेचाळिशीत वारली. कादंबरी भाऊ अंटोन उलरिशने पुरी केली आणि वाङ्मयाच्या इतिहासात ती त्याच्याच नावावर चढली. ग्रंथसूचीत आयुष्य घालवलेल्या बापाच्या घरातली ही नोंद दुरुस्त व्हायला हवी: लेखकाच्या रकान्यात बहिणीचं नाव आधी.